धाकटीची ओळ

सगुणा झोरेच्या धाकट्या लेकीला जाऊन दोन महिने झाले होते, आणि मंगळवारी दुपारी तिला बारीक ताप आला.

ऋजुता शेवडेने ते स्क्रीनवर वाचलं, आणि आधी तिला आपल्या डोळ्यांचाच संशय आला. बाळंतपणाच्या रजेवरून कामावर रुजू होऊन जेमतेम आठवडा झालेला. साताऱ्यातल्या घरी, खिडकीशी, मांडीवर आठ महिन्यांची मिहिका दूध पिता पिता झोपून गेली होती आणि ऋजुता एका हाताने काम करत होती. पण डोळे बरोबर होते. सगुणाच्या नावासमोर दोन ओळी होत्या. वरची थोरलीची, म्हणजे जनाईची, हिरवीगार. खालची धाकटीची. तिची नाडी चालू होती, श्वास चालू होता, आणि दुपारच्या चौकटीचा रंग पिवळा झाला होता.

सकाळीच कोयनेच्या खोऱ्यातून तिथल्या आशा सेविकेचा, कांता पवार यांचा, फोन आला होता.

"मॅडम, सगुणाच्या पानावर एक बाळ जास्ती दिसतंय बघा."

"जास्ती म्हणजे?"

"म्हंजी दिसत्यात दोन आन् हाय एकच. धाकटी पेटीतनंच गेली, नाव ठेवायच्या आधी. मी सोत्ता होते तिथं."

"मग इतके दिवस कळवलं का नाही, कांताताई?"

"मला कुठं ठावं? मला निस्तं धोक्याचं निरोप येत्यात. आयांचं पान आयांच्याच मोबाइलवर. आन् ती मोबाइल पदराखाली झाकून बसती. काल हिसकावला तवा दिसलं."

ऋजुताची कंपनी वाळे बनवत होती. सोन्याचांदीचे नव्हेत, मऊ रबराचे. अपुऱ्या दिवसांची बाळं काचेच्या पेटीत असतानाच त्यांच्या पायात हा वाळा चढे आणि ती घरी गेल्यावरही नाडी, श्वास, ताप मोजत राही. मोजलेलं साताऱ्याच्या सर्व्हरकडे येई, आणि सर्व्हर त्याचं टेबल मांडी. कुणी हाताने काही भरत नसे. ऋजुतानेच लिहिलेल्या सूचना होत्या: प्रत्येक बाळासाठी एक ओळ घे, ओळीत तासातासाला एक नवी चौकट घडव, चौकटीत आकडे ठेव, बरे असतील तर हिरवा रंग दे, शंका असेल तर पिवळा, धोका असेल तर तांबडा, चौकट ओळीला जोड, ओळ टेबलाला जोड, पुढच्या बाळाकडे जा. ऑफिसात सगळे त्या चौकटीला सेल म्हणत. ऋजुता मनात घर म्हणे.

या घरांचा एक नियम होता. आकडा आला नाही तरी चौकट घडवायचीच, रिकामी का होईना. मधली एक गाळली, की पुढच्या सगळ्या डावीकडे सरकतात आणि दुपारचा ताप सकाळच्या खाली दिसायला लागतो.

जुळ्यांची गोष्ट आणखी नाजूक. आई एक, बाळं दोन. म्हणून आईच्या नावाची चौकट दोन ओळींवर पसरवलेली असे. सुरुवातीच्या काळात एका जुळ्यातलं एक बाळ गेलं, तेव्हा कुणीतरी त्याची ओळ काढून टाकली. नावाची चौकट मात्र दोन ओळींचीच राहिली, आणि तिने खालच्या भलत्याच बाईच्या बाळाला आपल्या कवेत घेतलं. जिचं बाळ गेलं होतं तिला डॉक्टरांनी फोन करून सांगितलं, "काळजी नको, बाळ छान दूध पितंय."  तेव्हापासून पद्धतच पडली: जुळ्यांची ओळ काढायची नाही. कोरी ठेवायची.

आणि ऋजुता रजेवर असताना पुण्याच्या मंडळींनी सर्व्हरवर 'पूरक' बसवला होता.

डोंगरात रेंज टिकत नाही. टॉवर बंद पडले, की वाळ्यांचे आकडे तासन् तास, कधी आठवडाभर येत नाहीत. मग टेबलभर भोकं. पूरक ती भोकं बुजवी. तो प्रत्येक बाळाची लय शिकून घेई: झोपेत नाडी किती उतरते, दूध पिताना श्वास कसा अडखळतो, वजनाबरोबर सगळं कसं बदलत जातं. आणि त्यावरून, मधल्या तासांत काय झालं असेल, ते भरे. जुळी असतील तर त्याचं काम आणखी सोपं. एकाचा वाळा बोलत असेल, तर त्यावरून दुसऱ्याचं नेमकं लिहिता येई.

रिकामी चौकट दिसली की भरायची, एवढंच त्याला सांगितलेलं होतं. काही रिकाम्या जागा खऱ्या असतात, हे त्याला सांगायचं राहून गेलं होतं.

मिहिका जागी झाली. तिच्याही पायात वाळा होता. चाचणीचा म्हणून ऋजुताने जन्मापासून घातलेला. ऋजुताचा नवरा निनाद तिला चिडवायचा, "पोरगी पुढ्यात झोपलीय आणि तू तिची नाडी स्क्रीनवर बघतेस. हात लावून बघ ना, गरम आहे ती!" ऋजुताने तो वाळा सोडला आणि टेबलावर ठेवला. मिहिका खाली उतरली, रांगत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेली, तिथे आपटली आणि भोकाड पसरून रडायला लागली. ऋजुताने धावत जाऊन तिला उचललं, कपाळ चोळलं, आणि खांद्यावरून स्क्रीनकडे पाहिलं.

मिहिकाच्या ओळीत नवी चौकट घडली होती. हिरवी. नाडी संथ, श्वास सावकाश. टेबलातली मिहिका अजून गाढ झोपली होती.

ऋजुताने लॅपटॉप मिटला. 

*

"आजच्या आज कोरी कर," फडतरे सर म्हणाले. ऋजुताचे ते साहेब. एरवी फोनवर खिदळणारा माणूस, पण आज आवाज बसला होता. "अगं, मी ती ओळ उघडून पाहिली. वजन वाढलंय तिचं. मला बघवेना."

"सगुणाला सांगायला नको, सर? एकदम कोरी झाली तर..."

"काय सांगणार? आमच्या मशीनने तुमचं गेलेलं बाळ वाढवलं म्हणून? तिला ठाऊक आहेच ना, बाळ नाही ते."

दुरुस्ती किरकोळ होती. ज्या वाळ्याची नोंद बंद केलेली आहे, त्याच्या चौकटीला पूरकने हात लावू नये, बस. ऋजुताने ती लिहिली, तपासली. सर्व्हरवर चढवायचं बटन तेवढं दाबायचं राहिलं. तिला आठवलं, दुपारी धाकटीची चौकट पिवळी झाली होती. ते का, एवढं उद्या बघू, असं म्हणून तिने काम तिथेच सोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कांताताई पुन्हा फोनवर. "मॅडम, जनाईला ताप चढला बघा. पन घोर नका करू, ती खाली दवाखान्यातच हाय."

"इतक्या लवकर कशी पोचली?"

"सगुणानं कालच आणली की. पोरगी हसत व्हती, अंग गार. आम्ही म्हटलं, हिचं डोकं फिरलं. ती म्हणती, धाकटीला कणकण आलीया, आता मोठीला येणार. आन् आली. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणली. एवढ्याशा जिवाला उशीर झेपत न्हाई."

ऋजुताने मिहिकाला चमचे-वाट्यांच्या ढिगात बसवलं आणि मागच्या सगळ्या चौकटी काढल्या. पोट बिघडलं तेव्हा, सर्दी झाली तेव्हा, लस टोचल्यावर अंग तापलं तेव्हा: प्रत्येक वेळी आधी धाकटी पिवळी झाली होती, आणि जनाई तिच्यामागून.

तिने पूरकच्या पोटात डोकं घातलं, आणि तिला उलगडत गेलं. दोघी एकाच पेटीत, एकमेकींना चिकटून होत्या. तेव्हा दोघींचे वाळे खरे बोलत होते आणि पूरक शिकत होता. थोरली दणकट. आजाराची चाहूल लागली, की तिच्या नाडीच्या ठेक्यात बारीकसा फरक पडे. दोन ठोक्यांमधली अंतरं जरा जास्तच सारखी होऊ लागत. इतका बारीक फरक, की धोक्याची घंटा वाजू नये. पण शेजारची धाकटी तोवर पुरती हललेली असे. पूरकने एवढंच टिपलं होतं: हिच्यात तसूभर, तर तिच्यात हातभर. आता थोरलीच्या पायातला वाळा तो तसूभर फरक आणून देत होता, आणि पूरक नेमाने, इमानाने, तो धाकटीच्या ओळीत हातभर करून लिहीत होता.

बहिणीचं दुखणं ती अजूनही आधी सांगत होती. नसूनही.

लिहून ठेवलेली दुरुस्ती तशीच पडून राहिली. "सगुणाला फोनवर सांग ना," निनाद म्हणाला.

"हे फोनवर सांगायचं नसतं," ऋजुता म्हणाली, आणि मिहिकाचं टोपडं शोधू लागली.

*

जनाईला घरी सोडल्यावर ऋजुता आणि कांताताई आरोग्य केंद्राच्या जीपने धनगरवाड्यावर गेल्या. औषधं पोचवणारं ड्रोन डोक्यावरून पुढे निघून गेलं आणि जीप मागे धापा टाकत राहिली. वर पाच-सहा घरं, म्हशींचे गोठे, आणि मागे हिरड्याची झाडं. सगुणा दारातच बसली होती. विशीची असेल. जनाई तिच्या उजव्या बाजूला पीत होती.

"ही मॅडम. पान बनवत्यात त्या," कांताताई म्हणाल्या.

सगुणाने ऋजुताकडे पाहिलं नाही, मिहिकाकडे पाहिलं. "तुमची? चांगलं बाळसं हाय की." मग आत वळून सासूला ओरडली, "आत्याबाई, चा ठेवा. दूध जास्त घाला, पाजती बाई हाय."

जनाईचं पिऊन संपलं, पण पोट भरलं नव्हतं. ती स्वतःची मूठ चोखायला लागली. मनगटं काडीसारखी. सगुणाने तिला सासूकडे दिलं, पदराआडून मोबाइल काढून एकदा पाहिलं, आणि एक वाटी घेऊन डावी बाजू हाताने पिळली. वाटी घेऊन ती उठली, घरामागे हिरड्याखाली गेली. तिथे दगडांची इवलीशी रास होती. तिने वाटी तिथे रिती केली आणि परत आली. जनाई मूठ चोखतच होती.

"बघितलंसा?" कांताताई ऋजुताला हळूच म्हणाल्या. "म्हणून वजन वाढंना पोरीचं. मी वराडून वराडून थकले."

ऋजुताने मिहिकाला घट्ट धरलं. तिला आता सगळं दिसलं. धाकटी बहिणीला वाचवत होती, आणि धाकटीच बहिणीच्या तोंडचं दूध नेत होती.

"सगुणा," ती म्हणाली, "ती ओळ..."

"मी येडी न्हाई, ताई." सगुणा शांतपणे म्हणाली. "म्या माझ्या हातानं माती लोटलीया. मला ठावं हाय, ती गेली."

"मग ही बाजू जनाईला का नाही देत?"

"पेटीत व्हत्या तवापासनं उजवी मोठीची, डावी धाकटीची. पान उघडलं, ती श्वास घेताना दिसली, की डावी भरून येती. आपसूक. तिच्या वाटचं दुसरीला कसं देऊ? तिच्या देखत?"

ऋजुताला हे ठाऊक होतं. मिहिका दुसऱ्या खोलीत रडली तरी तिचं स्वतःचं पोलकं भिजायचं. ऑफिसात असताना मोबाइलवर नुसता फोटो पाहिला तरी. आईचं अंग आवाजाला फसतं, चित्राला फसतं. एका हिरव्या चौकटीला फसलं यात नवल काय?

मग तिने सगळं सांगितलं. जमेल तितक्या साध्या शब्दांत, मधे मधे अडखळत. वाळा कसा बोलतो, सर्व्हर घरं कशी आखतो, पूरक ती कशी भरतो. सगुणा ऐकत होती. चहा निवला.

"म्हंजी आकडं खोटं."

"आकडे खोटे. पण त्यामागची सवय खरी आहे. ती धाकटीचीच."

"कसली सवय?"

"दचकायची. थोरलीला जरा कुठे काही झालं, की धाकटी आधी दचकायची. यंत्राने ते तिच्याकडूनच घेतलंय. दुसरं कुणी शिकवलं नाही त्याला."

सगुणाचा चेहरा पहिल्यांदा हलला. "व्हय. लई भित्री व्हती," ती म्हणाली. "नर्सबाईंच्या हातनं चमचा पडला तरी हिचं दोनी हात वर." ती हसली, आणि हसताना तोंडावर पदर धरला, तो बराच वेळ काढला नाही.

"ते दचकणं मी ठेवते," ऋजुता म्हणाली. "जनाईच्या ओळीत तिच्यासाठी वेगळी चौकट करते. काही होणार असेल तर ती आधी पिवळी होईल, आत्तासारखीच. पण ही ओळ थांबवायला पाहिजे, सगुणा. तिथे ती श्वास घेत नाहीये. आमचं यंत्र घेतंय."

सासू जनाईला थोपटत होती. गोठ्यात म्हैस हंबरली.

"आन् ओळ? पुसणार?"

"नाही. कोरी ठेवणार. काढली तर तुझं नाव खालच्या बाईच्या लेकरावर जाऊन पडेल. तुझं नाव दोन ओळींवर पसरलेलं आहे."

"दोघींवर?"

"दोघींवर."

सगुणाने मान हलवली. "मग तसंच ऱ्हाऊ द्या. ते हलवू नका." थोडं थांबून ती म्हणाली, "आन् हे माझ्या म्होरं करा. मागनं नको."

*

वाड्यावर बोलण्याजोगी रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी मिळे. सगळ्यांचे फोन तिथेच, टाकीला पाठ लावून चालत. दोघी आपापली पोर कडेवर घेऊन तिथे गेल्या. ऋजुताने फडतरे सरांना फोन लावला. जनाईची वेगळी चौकट आजच हवी, डॉक्टरांची परवानगी नंतर घ्या पण एवढी एक आजच, असं ती इतक्या ठामपणे म्हणाली, की सर नुसतं "बरं, बरं" म्हणाले. टाकीच्या कट्ट्यावर लॅपटॉप उघडून तिने ती लिहिली. मिहिका मधूनच बटनं बडवायची. सगुणा तिला "ए बाय, आईला काम करू दे" म्हणून दटावायची. चौकट तयार झाली. ऋजुताने ती जनाईच्या ओळीत घडवली, जोडली. हिरवी दिसली.

"आता दुसरं," ऋजुता म्हणाली.

"लई वेळ लागतोय?"

"काहीच नाही लागत."

"मग थांबा वाईच."

सगुणाने मोबाइल उघडला. खालच्या ओळीकडे पाहिलं. तिच्या चोळीवर डावीकडे ओल उमटली. मग तिने जनाईला उजव्या हातावरून डाव्या हातावर घेतलं. जनाईला ती बाजू ओळखीची नव्हती. तिने तोंड फिरवलं, कुरकुरली, मूठ शोधू लागली. सगुणा तिच्या कानाशी काहीतरी बोलली. काय, ते ऋजुताने ऐकलं नाही, ऐकायचं नव्हतंच. थोड्या वेळाने कुरकुर थांबली.

"आता करा," सगुणा म्हणाली. मोबाइल तिने हातातच ठेवला होता.

ऋजुताने बटन दाबलं. काही झालं नाही. असल्या गोष्टींचा आवाज होत नाही. दोघी तास भरायची वाट पाहत राहिल्या. टाकीतून थेंब गळत होते. ऋजुताच्या नकळत तिचा तळहात मिहिकाच्या छातीवर जाऊन बसला होता.

तास भरला. सर्व्हरने सगुणाच्या नावासमोर दोन नव्या चौकटी घडवल्या. वरची हिरवी. खालची पांढरी.

सगुणा बघत राहिली. "कोरी हाय," ती म्हणाली.

"हं."

 जनाईच्या घोटाघोटाचा आवाज तेवढा येत होता.

*

घरी आल्यावर ऋजुताने मिहिकाच्या पायात पुन्हा वाळा घातला नाही. पहिले काही दिवस तिला चैन पडेना. मग हात लावून बघायची सवय झाली.

डॉक्टरांनी बरेच महिने ती नवी चौकट पारखली, आणि मग सगळ्याच बाळांच्या ओळीत ती घ्यायचं ठरलं. जुळं असो, एकटं असो. प्रत्येकाच्या नाडीतला तसूभर फरक ओळखून आधी दचकणारी एक चौकट. त्या स्तंभाला डोक्यावर नाव द्यायचं होतं. ऋजुताने टाकीपाशी फोन लावून सगुणाला विचारलं. सगुणा म्हणाली, "बारसं केलंच न्हाई तिचं. आम्ही नुसतं धाकटी म्हणायचो."

तेच नाव लागलं. पुण्याहून नवे आलेले एक डॉक्टर म्हणाले, हे काय घरगुती नाव, काहीतरी शास्त्रीय ठेवा. फडतरे सर म्हणाले, "बाकी काय हवं ते बदला." आता खोऱ्यातल्या नर्सबाया सरसकट बोलतात, "याची धाकटी पिवळी झालीय, खाली आणा." कुणाची, कुठली, ते त्यांना ठाऊक नसतं.

सगुणाच्या नावासमोर अजून दोन ओळी आहेत. वरच्या ओळीत जनाई वाढते आहे. खालच्या ओळीसाठी सर्व्हर दर तासाला एक चौकट घडवतो, तिच्या कडा आखतो, तिला तिच्या जागी नीट बसवतो, आणि तिच्यात काहीही ठेवत नाही. पान वर सरकवताना ऋजुताचं बोट तिथे थांबतं. क्षणभरच. आणि मग तिच्या लक्षात येतं, की आपण वाट पाहत होतो.